मलकपेठची खाती, देगलूरचा लॅपटॉप. पण एंट्रीवर नाव कुणाचं?

विशेष विश्लेषण | नांदेड

हैदराबादचं मलकपेठ म्हणलं की आपल्या सीमाभागातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक दवाखाना, दुसरं कांद्याचं मार्केट. नांदेडची गाडी काचीगुड्याला सोडायची, मुसी ओलांडायची, की आलं मलकपेठ. तिथल्या महबूब मॅन्शनच्या बाजारात महाराष्ट्रातला कांदा वर्षानुवर्षं उतरतोय. बाजार असला की आडते येतात, आडत्यांमागं मुनीम येतात आणि मुनीमांमागं करसल्लागार, सीए यांची ऑफिसं उभी राहतात. कुठल्याही मोठ्या बाजारपेठेचा हाच क्रम असतो.

या क्रमातली शेवटची कडी आता बाजारापासून सुटी व्हायला लागलीय. हिशेब लिहिणारा माणूस दुकानाच्या गल्लीतच बसला पाहिजे, अशी काही गरज राहिलेली नाही. बिलं मोबाईलवर येतात, खाती क्लाऊडवर असतात, विवरणपत्रं पोर्टलवर भरली जातात. मग माणूस मलकपेठात बसला काय आणि देगलूर, बिलोली, धर्माबादला बसला काय, कामाच्या दृष्टीनं फरक पडत नाही. फरक पडतो तो पगारात, जोखमीत आणि काही बिघडलं तर कुणाला धरायचं, या प्रश्नात.

आपल्या भागातल्या बी.कॉम. झालेल्या पोरापोरींसाठी ही संधी आहे, यात शंका नाही. पण काम जितक्या सहज इकडं येतं, तितक्या सहज कामाचे हक्क आणि कामाची नोंद येत नाही. कागद गेला, तसा करारही हवेतच राहिला तर उद्या नुकसान आपल्याच पोरांचं होणार आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

कागद सरकारनंच काढला

बिनकागदाचं ऑफिस हे काही हौसेनं आलेलं नाही. सरकारनं एकेक दार बंद करत आणलं. कंपनी खात्याचं एमसीए-२१ पोर्टल २००६ मध्ये सुरू झालं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि त्याचं विवरणपत्र तर पहिल्या दिवसापासून पोर्टलवरच. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झालं आणि मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. आयकराची फेसलेस तपासणीही २०१९-२० मध्येच आली; आता खुलासा मागणारा अधिकारी कोणत्या शहरात बसलाय, हे करदात्याला कळतही नाही.

म्हणजे बघा, अधिकारी दिसत नाही, बिल कागदावर नाही, विवरणपत्र कागदावर नाही. अशा वेळी फक्त हिशेबनीस तेवढा खुर्चीवर दिसला पाहिजे, हा आग्रह किती दिवस टिकणार? २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि त्या काळात खाती घरून लिहिता येतात, हे सगळ्यांनाच कळून चुकलं. पुढं ऑफिसं उघडली, पण सगळी माणसं परत आणायची गरज उरली नाही.

याला पैशाचंही कारण आहे. हैदराबादमध्ये टेबल-खुर्चीची जागा महाग, भाडं महाग. देगलूरहून जाणाऱ्या पोराला तिथं खोली, मेस, बस किंवा मेट्रो, सगळं पगारातूनच भागवायचं. घरी राहून कमी पगारातही हातात जास्त उरतं. फर्मचाही खर्च वाचतो. दोघांचा फायदा आहे म्हणूनच ही पद्धत चालते.

एका दिवसाचं काम कसं चालतं

उदाहरण घेऊ. समजा, मलकपेठमध्ये एक आडत्या आहे. कांदा आणि वाळली मिरची, असा दोन्हीचा धंदा. सकाळी गाडी लागली, काटा झाला, सौदा झाला, शेतकऱ्याची पट्टी फाडली. दुकानातला पोरगा पट्टी, काट्याची पावती, हमालीची चिठ्ठी यांचे फोटो काढून ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकतो. इकडं देगलूरला बसलेली मुलगी लॉगिन करते, फोटो बघून टॅलीमध्ये एंट्री मारते, बँकेच्या स्टेटमेंटशी रकमा जुळवते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होतं, त्याच्याशी खरेदीची बिलं ताडून बघते. जे जुळत नाही त्याची यादी मलकपेठच्या ऑफिसला पाठवते. तिथला सिनिअर तपासतो. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला जीएसटीआर-३बी. या दोन तारखांच्या मधे हिशेबनिसाला जेवायची फुरसत नसते, हे ज्याच्या घरी हिशेबनीस आहे त्याला सांगायला नको.

हे वाचायला सोपं वाटतं, पण यात गोम आहे. कांद्यावर जीएसटी नाही. वाळल्या मिरचीवर ५ टक्के आहे. एकाच दुकानाच्या कागदपत्रांत दोन्ही आले की कोणती रक्कम कुठं टाकायची, हे समजायला धंदा कळावा लागतो. पट्टीत हमाली आहे, तोलाई आहे, बारदाना आहे, घट-तूट आहे. ज्यानं मोंढा बघितलेला नाही, त्याला तूट म्हणजे काय आणि ती कुणाच्या खात्यावर पडते, हे पुस्तकातून कळत नाही.

इथंच आपल्या भागाचा हात वर आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या मालाच्या चिठ्ठ्या-चपाट्या मराठीत असतात. गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, वाणाचं नाव मराठी अक्षरात, तेही घाईत लिहिलेलं. हे वाचणारा, शेतकऱ्याला फोन लावून मराठीत विचारणारा आणि त्याच वेळी मलकपेठच्या ऑफिसशी हिंदी-तेलुगूत बोलणारा माणूस सीमाभागातच मिळतो. धर्माबादचं मिरचीचं मार्केट बघत वाढलेल्या पोराला वाळल्या मिरचीचं गणित शिकवावं लागत नाही. तीन भाषा आणि मोंढ्याची समज, ही आपली खरी डिग्री आहे. तिची किंमत मात्र आपण मागत नाही, म्हणून ती मिळत नाही.

एकच लॉगिन, पाच माणसं

आता मूळ दुखण्यावर येऊ. छोट्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं एकच लॉगिन सगळे वापरतात, ही सवय जुनी आहे. पाचही जण 'ॲडमिन' नावानं आत जातात. एका खोलीत बसत होते तोवर निभावत होतं. कुणी चुकलं तर समोरच कळायचं, "अरे, ही एंट्री कुणी मारली?" विचारलं की उत्तर मिळायचं. माणसं चार गावांत पांगली की हा प्रश्न कुणाला विचारायचा?

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, आपोआप राहते आणि ती बंद करता येत नाही. ऑडिटरलाही आपल्या अहवालात त्याबद्दल लिहावं लागतं. हा नियम कंपन्यांसाठी आहे. आडत्याच्या भागीदारीच्या किंवा एकट्या मालकीच्या दुकानाला तो लागू नाही. पण तत्त्व सगळ्यांनाच लागू पडतं. बदलाची नोंद राहिली आणि नाव सगळीकडं 'ॲडमिन' असंच दिसलं, तर त्या नोंदीचा उपयोग काय? काय बदललं हे कळेल, कुणी बदललं हे कळणार नाही.

हैदराबादनं याचा सगळ्यात मोठा धडा बघितलेला आहे. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी खाती फुगवल्याची कबुली दिली. त्या प्रकरणाच्या तपासात जे बाहेर आलं ते हिशेबाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचण्यासारखं आहे. कंपनीच्या बिलं बनवण्याच्या संगणक प्रणालीत 'सुपर यूजर' नावाच्या खास लॉगिनमधून ७,५६१ बनावट इन्व्हॉइस तयार केले गेले आणि ते कंपनीतल्या बाकी लोकांना दिसू नयेत, अशी सोय केलेली होती. जोडीला बँकेच्या मुदत ठेवींच्या पावत्या बनावट. ९ एप्रिल २०१५ ला हैदराबादच्या विशेष सीबीआय न्यायालयानं १० जणांना दोषी ठरवलं, त्यात ऑडिट फर्मशी संबंधित दोघे होते.

सत्यम ही काही वहीखात्यावर चालणारी पेढी नव्हती. देशातली आघाडीची सॉफ्टवेअर कंपनी होती. संगणकात आहे म्हणजे खरं आहे, हा समज तिनं कायमचा मोडला. कोणत्या लॉगिनला काय करता येतं आणि ते लॉगिन कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न हजारो कोटींच्या कंपनीत जितका महत्त्वाचा, तितकाच आडत दुकानातही.

घरून काम करणाऱ्यानं हे जास्त लक्षात घेतलं पाहिजे. ऑफिसात बसणाऱ्याच्या बाजूनं बोलणारे चार सहकारी असतात. देगलूरच्या घरात बसलेल्या मुलीच्या बाजूनं कोण बोलणार? बिल चुकीचं चढलं, क्रेडिट जास्त घेतलं गेलं, व्यापाऱ्याला नोटीस आली, की बोट आधी लांबच्या माणसाकडं जातं. तिच्या नावाचं स्वतंत्र लॉगिन असेल तर तिनं काय केलं आणि काय केलं नाही, दोन्ही सिद्ध होतं. बऱ्याच जणांना वाटतं की वेगळं लॉगिन म्हणजे आपल्यावर पाळत. खरं तर ती आपली ढाल आहे.

ड्रॉवरमधल्या सह्या

यापेक्षा गंभीर गोष्ट डिजिटल सहीची. करसल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये पार्ट्यांचे डीएससी टोकन रबर लावून ठेवलेले असतात, वर नावाची चिठ्ठी, कधी पासवर्डसुद्धा त्याच चिठ्ठीवर. हे दृश्य कुणाला नवीन नाही. व्यापाऱ्याला वाटतं, कटकट मिटली. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४२ सांगतं की आपल्या सहीची खासगी की ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही आहे त्यानंच घ्यायची. आणि दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड कपटानं वापरला तर कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आता चित्र बघा. टोकन मलकपेठच्या संगणकाला खोचलेलं, तो संगणक रात्रभर चालू आणि देगलूरहून कुणीतरी त्यावर लांबून काम करतंय. सही व्यापाऱ्याची, टोकन सल्लागाराच्या ताब्यात, बटण तिसऱ्याच्या हातात. फाईल बरोबर गेली तोवर सगळे खूश. चुकली की ही सही नेमकी कुणी केली, याचं उत्तर तिघांपैकी एकाकडंही नसतं.

ओटीपीचीही तीच गत. ११ तारखेच्या रात्री व्यापाऱ्याला झोपेतून उठवून ओटीपी मागायचा, त्यानंही न बघता सांगून टाकायचा. याला कायदेशीर आणि सोपे पर्याय आहेत, ते वापरले जात नाहीत एवढंच. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर मुख्य लॉगिनखाली उपवापरकर्ते तयार करता येतात. १ एप्रिल २०२५ पासून सगळ्या करदात्यांना तिथं दुहेरी पडताळणी सक्तीची झाली आणि उपवापरकर्त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नोंदवलेल्या मोबाईलवर जातो. आयकर पोर्टलवर करदाता आपला सीए जोडू शकतो. मग सीए स्वतःच्या लॉगिनमधून काम करतो. जीएसटी पोर्टलवर जीएसटी प्रॅक्टिशनर नेमता येतो. म्हणजे पासवर्ड वाटत फिरायची गरज नाही. सवय मोडायची गरज आहे.

पगार म्हणायचा की फी?

घरून काम करणाऱ्याला फर्मनं कोणत्या खात्यावर दाखवलंय, हे पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावं. नोकर म्हणून दाखवलं तर पगारपत्रक, रजा, पुढं कर्ज काढताना लागणारा पुरावा हे सगळं मिळतं. 'कन्सल्टंट' म्हणून दाखवलं तर फी मिळते, त्यावर ठरलेल्या मर्यादेपुढं टीडीएस कापला जातो, आणि सुट्टी, पीएफ काहीच नसतं. रोज दहा ते सात लॉगिन राहायचं, रजा विचारून घ्यायची, दुसऱ्याचं काम करायचं नाही, आणि कागदावर मात्र 'कन्सल्टंट', असं असेल तर ते फी नसून आडून दिलेला पगारच आहे.

छोट्या फर्ममध्ये २० पेक्षा कमी माणसं असली तर पीएफ सक्तीचा होत नाही, हेही खरं. म्हणून निदान नेमणुकीचं पत्र तरी हातात असावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अंमलात आल्या, त्यात नेमणूकपत्रावर भर आहे. पत्रात काम काय, वेळ काय, पैसे किती, एवढं असलंच पाहिजे. सीमेवरच्या माणसासाठी त्यात आणखी एक ओळ हवी, कामाचं ठिकाण कोणतं.

ही एक ओळ किती महत्त्वाची ते बघा. व्यवसाय कर हा राज्याचा कर. तेलंगणात महिना १५ हजारांच्या वर २० हजारांपर्यंत पगार असेल तर १५० रुपये कापले जातात, त्यावर २०० रुपये. महाराष्ट्रात महिलांना महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही. म्हणजे १८ हजार पगार असलेली मुलगी देगलूरच्या घरात बसून काम करते, तर तिचं कामाचं ठिकाण महाराष्ट्र धरलं तर कर शून्य, तेलंगणा धरलं तर वर्षाला १,८०० रुपये. रक्कम छोटी वाटेल, पण ती कापायची का आणि कुठं भरायची, हे कामाच्या ठिकाणावर ठरतं. ठिकाण लिहिलेलंच नसेल तर फर्मचा संगणक आपल्या राज्याचा नियम लावून मोकळा होतो. पुरुषांचं गणित उलटं बसू शकतं. महाराष्ट्रात १० हजारांच्या वर पगार गेला की महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००.

ज्यांना खरोखरच स्वतंत्र काम करायचंय, दोन-चार फर्मची खाती सांभाळायचीत, त्यांच्यासाठी एक दिलासा आहे. सेवा परराज्यात दिली तरी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर केवळ त्या कारणानं जीएसटी नोंदणी लागत नाही. "दुसऱ्या राज्याला बिल देतोस म्हणजे जीएसटी नंबर लागणारच," असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि एक सावधगिरी. "पगार नको, पार्टीच्या फीमध्ये हिस्सा घे," असा प्रस्ताव एखाद्या सीए फर्मकडून आला तर थांबा. सनदी लेखापाल कायदा, १९४९ च्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे सीएला आपल्या व्यावसायिक फीचा हिस्सा संस्थेचा सदस्य नसलेल्या साध्या हिशेबनिसाला देता येत नाही. एंट्रीमागं दर ठरवा, महिन्याला ठरवा, तासाला ठरवा. फीमध्ये टक्केवारी नको.

व्यापाऱ्यानं विचारायचा प्रश्न

हा झाला काम करणाऱ्याचा भाग. आता दुसरी बाजू. तुमचा हिशेब ज्यांच्याकडं आहे, त्यांना कधी विचारलंय का, की माझी खाती प्रत्यक्षात कोण बघतंय?

अमेरिकेत याबद्दल स्पष्ट नियम आहे. तिथल्या कर कायद्याच्या कलम ७२१६ नुसार करदात्याची माहिती देशाबाहेरच्या माणसाकडं कामासाठी पाठवायची असेल तर करदात्याची लेखी संमती आधी घ्यावी लागते. हैदराबादला याचा जवळून संबंध आहे, कारण अमेरिकी लेखा कंपन्यांची मोठी कामं या शहरातून चालतात. अमेरिकेत हिशेबनिसांची टंचाई आहे. तिथली सीपीए परीक्षा २०२० पासून भारतातच देता येते आणि हैदराबाद हे तिचं एक केंद्र आहे. म्हणजे ओहायोमधल्या माणसाची फाईल हायटेक सिटीत आली तर त्याची सही घेतली जाते, आणि मलकपेठच्या आडत्याची फाईल देगलूरला गेली तर त्याला पत्ताही नसतो. असं का?

आपल्याकडं कायदा अगदीच गप्प आहे असंही नाही. सनदी लेखापाल कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पक्षकाराच्या संमतीशिवाय कामातून मिळालेली माहिती बाहेर दिली तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पॅन, आधार, बँक खातं, कामगारांचे पगार, शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर, हे सगळं हिशेबाच्या फाईलमध्ये असतं. ते घरच्या सगळ्यांच्या मोबाईलवर, पोराच्या गेमच्या लॅपटॉपवर पडून राहिलं तर उद्या महागात पडेल.

म्हणून फर्मनं लॅपटॉप द्यावा, निदान कामाचा वेगळा लॅपटॉप असावा. फाईली व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. फोटो तिथं दाबला जाऊन अस्पष्ट होतो, मोबाईल भरला की कुणीतरी डिलीट मारतं, आणि पट्टीवरचा आकडा कायमचा जातो.

कागद पुरता जाणार नाही

काही जुने मुनीम म्हणतील, यापेक्षा वही बरी. पण वहीलाही मर्यादा आहेतच. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादला पाऊस कोसळला तेव्हा मुसीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर आपल्या बसा जिथं लागतात त्या महात्मा गांधी बसस्थानकातच मुसीचं पाणी आलं. मलकपेठ त्याच नदीच्या काठाला आहे. तळमजल्यावर रचलेल्या फाईली पाण्यात गेल्या की परत येत नाहीत. नीट बॅकअप घेतलेलं खातं मात्र दुसऱ्या दिवशी उघडता येतं. कंपन्यांना तर आपल्या हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक आहे.

तरीही सगळा कागद रद्दीत घालायची घाई करू नका. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात, कंपनीची खाती आठ वर्षं. ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतात, पण मागितल्यावर उघडली पाहिजेत, वाचता आली पाहिजेत. कोर्टात द्यायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. मृत्युपत्रासारखे काही दस्त तर अजूनही कागदावरच करावे लागतात. ज्या मूळ कागदावर शेतकऱ्याचा अंगठा किंवा सही आहे, तो स्कॅन करूनही जपून ठेवलेला बरा.

एंट्रीच्या पुढं काय?

शेवटचा मुद्दा आपल्या पोरांच्या भवितव्याचा. नुसती एंट्री मारणं हे काम फार दिवस टिकणार नाही. बँकेचं स्टेटमेंट आता सॉफ्टवेअर स्वतःच ओढून घेतं, बिलाचा फोटो वाचून रकमा भरणारी साधनं आलीत. उरणार आहे ते जुळवणी, चूक पकडणं, नोटिशीला उत्तर तयार करणं, धंदा समजून सल्ला देणं. हे काम शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाकडं बघून शिकता येतं. घरात एकटं बसलं की फक्त एंट्री येते, शिकणं थांबतं.

सीए व्हायचं असेल तर आर्टिकलशिपशिवाय मार्ग नाही. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती तीनऐवजी दोन वर्षांची झालीय. ती घरच्या डेटा एंट्रीनं भरून निघत नाही. आणि सीए व्हायचं नसलं तरी महिन्यातून दोन-चार दिवस मलकपेठला जाऊन बसायची अट फर्मकडूनच मागून घ्यावी. गाडीभाडं फर्मनं द्यावं. चार दिवसांत ऑफिसात जे शिकायला मिळतं ते चार महिन्यांच्या व्हिडिओ कॉलवर मिळत नाही.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेतून दरवर्षी पोरं बाहेर पडतात. महाविद्यालयांनी त्यांना टॅली शिकवली, चांगलं केलं. आता त्याच्या जोडीला नेमणूकपत्र कसं वाचायचं, डिजिटल सही कुणी वापरायची, गोपनीयता म्हणजे काय, हेही दोन तास शिकवावं. व्यापारी संघटनांनी आपल्या सभासदांचे डीएससी सल्लागारांच्या ड्रॉवरमधून परत आणायची मोहीम घ्यावी.

आणि जी पोरं उद्यापासून मलकपेठच्या किंवा कुठल्याही शहरातल्या फर्मचं काम घरून सुरू करणार आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी चार गोष्टी मागाव्यात. नेमणुकीचं पत्र, त्यात कामाचं ठिकाण, आपल्या नावाचं स्वतंत्र लॉगिन, आणि दुसऱ्याच्या डिजिटल सहीला हात लावायला सांगणार नाही याची लेखी हमी. यातली पहिली तीन नाकारली तर घासाघीस करा. चौथी नाकारली तर ते काम सोडून द्या. पगाराची नोकरी दुसरी मिळेल. दुसऱ्याच्या सहीनं भरलेल्या चुकीच्या विवरणपत्राची चौकशी मात्र वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.